बेताच्या पैशांत डिजिटल कॅमेरा : निवड आणि पारख

वाराणसीच्या दशाश्वमेध घाटावरून दक्षिणेस चालू लागले, की शीतला घाट व अहिल्याबाई घाट ओलांडल्यावर मुन्शी घाट लागतो. नागपूर राज्याचे मंत्री श्रीधर नारायण मुन्शी ह्यांनी तो बांधला आणि त्यांचेच नाव त्याला पडले. त्याच्या लगतचा भाग पुढे दरभंग्याच्या महाराजांकडे गेला व तो दरभंगा घाट म्हणून ओळखला जाऊ लागला. उत्तरेकडे काही अंतरावर नागपूरकर भोसल्यांचा घाट आहे. अशा रीतीने गंगेच्या ह्या काठावर मराठी राज्यांच्या खुणा जागोजागी दिसतात. पाण्यापासून वर चढत जाणाऱ्या पायऱ्या, त्यांच्या मागे उभी असलेली वालुकाश्माची उंच भिंत, आणि समोर नदीपलीकडे मोकळे वाळवंट, असे ह्या स्थळाचे रूप आहे.

महाराष्ट्रातून काशीयात्रेस येणाऱ्या अनेक कुटुंबांची ही यात्रा आयुष्यात एकदाच घडते. घरातील वृद्ध माणसाला गंगास्नान घडवावे, पितरांचे कार्य उरकावे, आणि त्या प्रसंगाची चार चित्रे घरी न्यावीत, अशी इच्छा असते. त्यासाठी निघण्यापूर्वी आठ-पंधरा दिवस एखादा डिजिटल कॅमेरा विकत घेतला जातो. पैसे बेताचे असतात, दुकानदाराचा उत्साह मोठा असतो, आणि पुष्कळदा कॅमेऱ्याची कळ खऱ्या अर्थाने प्रथम दाबली जाते ती नावेत बसल्यावर. घरी परतल्यावर दिसते, की आजीचा चेहरा काळा पडला आहे, पांढरे लुगडे कागदासारखे कोरे उमटले आहे, आणि संध्याकाळच्या आरतीच्या चित्रात ज्योतींच्या केवळ रेघा आहेत. कॅमेरा दुरुस्त करता येतो किंवा बदलता येतो. ते स्नान मात्र पुन्हा घडवून आणता येत नाही. म्हणून थोड्या पैशांत कोणता कॅमेरा घ्यावा आणि घेतल्यावर तो कसा पारखावा, ह्या प्रश्नाकडे भौतिकशास्त्राच्या दृष्टीने पाहणे उपयुक्त ठरते.

कॅमेरा प्रकाश मोजतो

सॅम्युअल बोर्न हा इंग्रज छायाचित्रकार १८६३ साली भारतात आला आणि त्याने बनारसच्या घाटांचीही चित्रे घेतली. त्या काळच्या पद्धतीत काचेच्या पट्टीवर रसायनाचा लेप द्यावा लागे, तो ओला असतानाच चित्र घ्यावे लागे आणि लगेच जवळच्या काळोख्या तंबूत ते प्रकट करावे लागे. काचेला पुरेसा प्रकाश मिळावा म्हणून भिंग कित्येक सेकंद उघडे ठेवावे लागे. त्यामुळे तेव्हाच्या चित्रांत दगड स्वच्छ उमटत आणि हलणारी माणसे पुसट होत.

पुढे काचेची जागा फिल्मने घेतली आणि विसाव्या शतकाच्या अखेरीस फिल्मची जागा सिलिकनच्या एका चकतीने घेतली. ह्या चकतीला व्यवहारात सेन्सर म्हणतात. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत विलर्ड बॉयल व जॉर्ज स्मिथ ह्यांनी १९६९ साली ज्या योजनेचा शोध लावला तिच्यातून पहिले व्यवहारोपयोगी सेन्सर निर्माण झाले. त्याबद्दल त्यांना २००९ साली नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. कोडॅक कंपनीतील तरुण अभियंता स्टीव्हन सॅसन ह्याने १९७५ साली जो पहिला हातात धरता येण्याजोगा डिजिटल कॅमेरा जुळविला, त्याच्या सेन्सरवर १०० गुणिले १००, म्हणजे १०,००० मोजणीचे चौकोन होते, आणि एक चित्र ध्वनिफितीवर उतरण्यास २३ सेकंद लागत.

हा प्रत्येक चौकोन म्हणजे पिक्सेल. त्यावर प्रकाशाचे कण पडले, की सिलिकनमधील इलेक्ट्रॉन मोकळे होतात. जितके कण अधिक तितके मोकळे इलेक्ट्रॉन अधिक, आणि कॅमेरा त्यांची मोजदाद करतो. पावसात अंगणात वाट्या मांडून ठेवाव्यात आणि नंतर प्रत्येक वाटीतील पाणी मोजावे, तसाच हा प्रकार होय. सेन्सर स्वतः रंग ओळखत नाही; म्हणून वाट्यांवर तांबडी, हिरवी व निळी अशा गाळण्या बसवितात. ब्राइस बेयर ह्या शास्त्रज्ञाच्या रचनेनुसार त्यांपैकी निम्म्या हिरव्या असतात, कारण मानवी दृष्टी हिरव्या प्रकाशातच बारकावा अधिक टिपते.

ह्या मोजणीत एक निसर्गसिद्ध अनिश्चितता आहे. पावसाचे थेंब जसे प्रत्येक वाटीत अगदी सारखे पडत नाहीत, तसेच प्रकाशकणांचेही आहे. सरासरीने १०,००० कण पडणार असतील तर प्रत्यक्ष संख्येत सुमारे १०० चा, म्हणजे शेकडा एकचा फरक पडतो. सरासरी १०० वर आली तर फरक १० चा, म्हणजे शेकडा दहाचा होतो. भर दुपारी घेतलेले चित्र गुळगुळीत आणि रात्रीचे चित्र रवाळ दिसते त्याचे मूळ कारण हेच. रवाळपणा हा बहुतांशी यंत्राचा दोष नसून प्रकाशाच्या दारिद्र्याचा परिणाम आहे. दुकानात ‘आयएसओ’ नावाचा जो मोठा आकडा सांगितला जातो, तो वाढविल्याने प्रकाश वाढत नाही. मोजलेल्या अल्प प्रकाशाचे आकडे मोठे करून दाखविले जातात, आणि त्यांच्याबरोबर त्यांतील अनिश्चितताही मोठी होते.

म्हणून ग्राहकाने विचारावयाचा पहिला प्रश्न असा, की ह्या पैशांत अधिकात अधिक प्रकाश कोठे मिळतो?

पिक्सेलांच्या संख्येविषयी

दुकानाच्या फलकावर सर्वांत ठळक अक्षरांत असते ती पिक्सेलांची संख्या, आणि निवड करताना सर्वांत कमी उपयोगाची तीच. सहा इंच लांब व चार इंच रुंद कागदावर उत्तम छपाई करण्यास दर इंचाला ३०० ह्या हिशेबाने सुमारे २२ लाख पिक्सेल पुरतात. भिंतीवर लावण्याजोग्या बारा बाय आठ इंचांच्या चित्रासही ८६ लाखांहून थोडे अधिक लागतात. आज जुन्या बाजारात मिळणारे बरेचसे कॅमेरे २ कोटी किंवा त्याहून अधिक पिक्सेलांचे आहेत. कौटुंबिक चित्रांपुरता हा प्रश्न सुटलेला आहे.

शिवाय पिक्सेल वाढविण्यास भिंगाची एक मर्यादा आहे. प्रकाश हा लहरीरूप असल्याने कोणतेही भिंग बिंदूची प्रतिमा बिंदूएवढी उमटवू शकत नाही. एक इवलीशी चकती उमटते, आणि भिंगाचे छिद्र जितके लहान तितकी ती मोठी होते. एक प्रत्यक्ष उदाहरण घेऊ. निकॉन कंपनीने २०१५ साली ‘कूलपिक्स पी ९००’ हा कॅमेरा काढला. त्याचे झूम ८३ पटींचे असल्याने त्याची पुष्कळ वाहवा झाली. त्याच्या सेन्सरवरील एक पिक्सेल सुमारे १.३ मायक्रॉन रुंद आहे. पूर्ण झूम केले असता भिंगाचे छिद्र एफ ६.५ इतके लहान होते आणि हिरव्या प्रकाशाची चकती सुमारे ८.७ मायक्रॉनची पडते. म्हणजे एकच बिंदू रुंदीत सहा पिक्सेलांहून अधिक जागा व्यापतो. तेथे पिक्सेल आणखी बारीक केले तरी नवा तपशील मिळणार नाही. हा कॅमेरा निरुपयोगी आहे असे मुळीच नाही. हिवाळ्यात गंगेवर उतरणारे कुरव पक्षी उन्हात टिपण्यास एवढ्या पैशांत ह्याच्याइतका पल्ला देणारे साधन विरळा. परंतु संध्याकाळच्या आरतीसाठी तो घेणे म्हणजे दुर्बिणीने पुस्तक वाचू पाहणे होय.

आता सेन्सरचे आकारमान पाहू. वरील प्रकारच्या लहान कॅमेऱ्यांतील सेन्सरचे क्षेत्रफळ सुमारे २८ चौरस मिलिमीटर असते. बहुतेक फोनांतील मुख्य कॅमेऱ्याचे साधारणपणे २५ ते ७५ असते. ज्यांचे भिंग बदलता येते अशा प्राथमिक श्रेणीच्या कॅमेऱ्यांत ‘एपीएस-सी’ नावाचा सुमारे २३.५ गुणिले १५.६ मिलिमीटरचा सेन्सर असतो; त्याचे क्षेत्रफळ ३६६ चौरस मिलिमीटरांच्या घरात जाते. पाऊस तोच असला तरी तेरापट अंगणात तेरापट पाणी जमते.

येथे फोनचा पक्षही प्रामाणिकपणे मांडला पाहिजे. फोन एका कळीत अनेक चित्रे घेतो, ती एकमेकांवर बसवितो आणि प्रकाशाची तूट गणिताने भरून काढतो. स्थिर दृश्यात ही युक्ती उत्तम साधते. ज्यांना चित्रे फोनवरच पाहावयाची आहेत आणि ज्यांच्या फोनचा कॅमेरा बरा आहे, त्यांनी वेगळा कॅमेरा न घेता ते पैसे यात्रेवर खर्च करणे अधिक शहाणपणाचे. मात्र ज्योती हलत असतील, हात हलत असतील आणि नावही डोलत असेल, तर एकमेकांवर बसविण्यास चित्रे जुळत नाहीत. अशा ठिकाणी प्रत्यक्ष प्रकाशाला पर्याय नाही.

भिंग आणि पैशांची वाटणी

भिंगाच्या छिद्राचा आकार ‘एफ’ ह्या अंकाने सांगतात. भिंगाच्या नाभीय अंतराला छिद्राच्या व्यासाने भागले असता हा अंक येतो. म्हणून अंक लहान तितके छिद्र मोठे. नव्या शिकाऊस हे उलटे वाटते आणि दुकानात त्यावरून गोंधळही होतो. प्रकाशाचे प्रमाण ह्या अंकाच्या वर्गावर अवलंबून असल्याने एफ ५.६ ऐवजी एफ २ चे छिद्र वापरले तर सुमारे आठपट प्रकाश आत येतो.

कॅमेऱ्यासोबत येणारे १८ ते ५५ मिलिमीटरचे झूम भिंग पूर्ण लांबविले असता बहुधा एफ ५.६ वर येते. याउलट ५० किंवा ३५ मिलिमीटरचे, झूम न होणारे, एफ १.८ चे साधे भिंग बहुतेक कंपन्या आपल्या सर्वांत स्वस्त भिंगांमध्ये विकतात. ह्या दोहोंतील फरक आठपटींहूनही थोडा अधिक आहे.

कॅमेऱ्याचा सांगाडा नवा घेतल्याने किती लाभ होईल? चांगल्या सेन्सरमध्ये रंगगाळणीतून पार झालेल्या हिरव्या प्रकाशाच्या कणांपैकी निम्म्याहून अधिक आधीच मोजले जातात. उद्या एखाद्या कंपनीने सर्वच्या सर्व कण मोजणारा सेन्सर काढला तरी ही मोजणी दुप्पट होणार नाही. दहा वर्षांच्या जुन्या सांगाड्यावर एफ १.८ चे भिंग लावले तर अंधुक प्रकाशात तो, झूम भिंग लावलेल्या आजच्या नव्या सांगाड्यास सहज मागे टाकतो. कंपन्या ही गोष्ट जाहिरातीत सांगत नाहीत; त्यांना सांगाडे विकावयाचे असतात.

तेव्हा समजा, हाती ३०,००० रुपये आहेत. त्यांपैकी निम्म्याच्या आसपास रक्कम एपीएस-सी सेन्सरच्या जुन्या, सुस्थितीतील सांगाड्यावर व त्यासोबतच्या झूम भिंगावर, एक तृतीयांश रक्कम एफ १.८ च्या भिंगावर, आणि उरलेली दुसरी बॅटरी, विश्वासार्ह मेमरी कार्ड व कोरडेपणा राखणारी डबी ह्यांवर खर्च करावी. ही वाटणी दगडावरची रेघ नव्हे. ज्याला केवळ दिवसाउजेडी चित्रे हवी आहेत त्याने भिंगाचे पैसे वाचवावेत.

एका अडचणीची पूर्वसूचना येथे दिली पाहिजे. निकॉनचे डी ३३०० ह्यासारखे प्राथमिक श्रेणीचे सांगाडे हलके व स्वस्त आहेत, परंतु त्यांत भिंग फिरविणारी मोटर नाही. ह्याच कंपनीची ‘एएफ-डी’ जातीची जुनी भिंगे जुन्या बाजारात स्वस्त मिळतात. ती ह्या सांगाड्यांवर बसतात, पण आपोआप स्पष्टता साधत नाहीत. अशा सांगाड्यासाठी भिंगातच मोटर असलेली ‘एएफ-एस’ जात मागावी. कॅननने १९८७ सालच्या आपल्या पद्धतीपासूनच मोटर भिंगात घातली असल्याने तेथे ही अडचण येत नाही. स्वस्त म्हणून घेतलेले भिंग आणि स्वस्त म्हणून घेतलेला सांगाडा एकत्र आल्यावर फसगत होते, ती बहुधा अशा जोडणीत.

दुकानातील तपासणी

जुना कॅमेरा घेताना अर्धा तास मागून घ्यावा. न देणाऱ्या विक्रेत्याकडून घेऊ नये.

भिंगाच्या एका टोकाशी लहान विजेरी धरून दुसऱ्या टोकातून पाहावे. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी समजावी. कोकणपट्टीत व मुंबईत, जेथे चार महिने हवा ओली असते, तेथे वापरलेल्या भिंगांत ती वारंवार आढळते. ती काचेवरील पातळ लेप खाते आणि पुसून जात नाही. धुळीचे चार कण मात्र चित्रात दिसत नाहीत. त्यांवरून भाव पाडता येईल, पण सौदा मोडू नये.

भिंगावर झाकण ठेवून काही सेकंदांचे एक चित्र घ्यावे. संपूर्ण काळ्या चित्रात तांबडे-निळे ठिपके चमकले तर ते बिघडलेले पिक्सेल होत. मग छिद्र एफ १६ वर आणून पांढऱ्या भिंतीचे अस्पष्ट चित्र घ्यावे. सेन्सरवरील धूळ त्यात करड्या डागांच्या रूपाने दिसते. ती साफ करता येते.

प्राथमिक श्रेणीच्या पुष्कळ कॅमेऱ्यांत शटर सुमारे १,००,००० वेळा उघडझाप करील असे धरलेले असते. आतापर्यंत किती वेळा झाली हे अनेक कॅमेऱ्यांच्या चित्रासोबत नोंदले जाते व संगणकावर वाचता येते. मेमरी कार्ड पूर्ण भरून, सर्व चित्रे उघडून पाहावीत, कारण लहान कार्डावर मोठा आकडा छापून ते विकण्याचा प्रकार बाजारात चालतो, आणि असे कार्ड शेवटची चित्रे गिळून टाकते.

घाटावरील एक दिवस

दुकानातील तपासणीने बिघडलेला कॅमेरा ओळखता येतो. परंतु चांगला कॅमेरा आपल्या कामास किती उपयोगी पडेल हे त्याच प्रकाशात वापरून पाहिल्याखेरीज कळत नाही. म्हणून शक्य असेल तर मुख्य विधीच्या आदल्या दिवशी वाराणसीस पोहोचावे व तो एक दिवस कॅमेऱ्याच्या परीक्षेस द्यावा. मुन्शी घाट त्यासाठी फार सोयीचा आहे. येथे गंगा उत्तरेकडे वाहते आणि घाट तिच्या पश्चिम काठावर आहे. त्यामुळे पूर्वाभिमुख पायऱ्यांवर सकाळी समोरून ऊन येते, दुपारनंतर मागच्या उंच इमारतींची सावली पडते, आणि अंधार पडल्यावर थोड्याच अंतरावरील दशाश्वमेधावर रोजची आरती होते. एका कॅमेऱ्याला ज्या तीन परीक्षा द्याव्या लागतात त्या सर्व येथे पायी दहा मिनिटांच्या आत होतात.

सूर्योदयापूर्वी पायऱ्यांवर येऊन नदीकडे तोंड करून पहिले चित्र घ्यावे. हिवाळ्यात सूर्य उजवीकडे सरकून, उन्हाळ्यात डावीकडे सरकून उगवतो. बिंब वर आल्यावर समोर उभ्या माणसाचा चेहरा चित्रात काळा पडेल. ह्यात कॅमेऱ्याचा दोष नाही. कॅमेऱ्यातील मापक समोरच्या दृश्याची सरासरी करड्या रंगाएवढी धरतो. तेजस्वी आकाशामुळे सरासरी चढते आणि तो सर्वच चित्र काळसर करतो. जवळजवळ प्रत्येक कॅमेऱ्यावर अधिक-उणे चिन्हाची एक कळ असते. ती अधिक एक, मग अधिक दोनवर नेऊन तेच चित्र पुन्हा घ्यावे. चेहरा केव्हा उजळतो आणि आकाश केव्हा पार पांढरे होते, ह्यांमधील अंतर जितके मोठे तितका सेन्सरचा आवाका मोठा. पांढरे होऊन गेलेले आकाश नंतर कोणत्याही उपायाने परत मिळत नाही. काळसर चेहरा मात्र बऱ्याच अंशी उजळविता येतो, विशेषतः चित्र ‘रॉ’ ह्या अप्रक्रियित स्वरूपात साठविले असल्यास. म्हणून शंका असेल तेथे थोडे काळसर घेणेच बरे.

ऊन चढले, की नाव ठरवून नदीत थोडे आत जावे आणि घाटाकडे वळावे. आता सूर्य पाठीशी आहे आणि समोरच्या भिंतीवर स्वच्छ प्रकाश आहे. ह्या प्रकाशात आयएसओ १०० व एफ ८ असताना शटर एक सेकंदाच्या ५०० व्या भागापुरते उघडले तरी पुरते, आणि नावेचे डोलणे चित्रात दिसत नाही. दगडी थरांच्या आडव्या सांध्यांमुळे ही भिंत भिंगाच्या परीक्षेचा नैसर्गिक तक्ताच आहे. कॅमेरा भिंतीस शक्य तितका समोरासमोर धरून एक चित्र एफ ८ वर, दुसरे छिद्र पूर्ण उघडून घ्यावे. नंतर चित्र मोठे करून चारही कोपरे पाहावेत. उघड्या छिद्रावर चारही कोपरे सारखेच मऊ असतील तर ते स्वाभाविक आहे. परंतु एकच बाजू अस्पष्ट आणि दुसरी स्वच्छ असेल, तर भिंगातील एखादी काच तिरपी बसलेली असण्याचा संभव आहे. नावेतून पाहणे पुरेसे स्थिर नसल्याने ही शंका पायऱ्यांवर उभे राहून दुसऱ्या एखाद्या भिंतीवर पडताळून पाहावी. परत करण्याची मुदत असेपर्यंत असे भिंग परत करावे.

घाटियांच्या छत्रीखाली बसलेल्या माणसाचे चित्र ही दुसरी कठीण कसोटी. बाहेर ऊन, आत गडद सावली, आणि अंगावर बहुधा पांढरे वस्त्र. अशा वेळी उन्हाच्या बाजूस कोणी एक पांढरे उपरणे दोन हातांत ताणून धरले, तर त्यावरून परतलेला प्रकाश चेहऱ्यावर मऊपणे पडतो. सत्यजित राय ह्यांच्या १९५६ सालच्या ‘अपराजितो’ चित्रपटात सुब्रत मित्र ह्यांनी बनारसच्या घराचे अंगण उभारताना दिवे सरळ न रोखता वर ताणलेल्या कापडावरून परावर्तित केले, आणि आकाशाच्या प्रकाशासारखा सावलीविरहित उजेड निर्माण केला. उपरण्याची युक्ती ह्याच तत्त्वावर चालते, आणि तिला काही खर्च येत नाही. स्नान करणाऱ्या किंवा विधीस बसलेल्या परक्या माणसांचे चित्र मात्र विचारल्याशिवाय घेऊ नये, आणि मणिकर्णिकेवर कॅमेरा पिशवीतच ठेवावा.

दुपारनंतर पायऱ्या सावलीत जातात. आता प्रकाश निळ्या आकाशाचा असतो, आणि चित्रातील पांढरा सदरा निळसर दिसतो. रंगाचा समतोल ‘सावली’ ह्या खुणेवर आणून पाहावे. पावसाळ्यात खोलीतील थंड हवेतून एकदम बाहेर आल्यास भिंगावर बाष्प धरते. कॅमेरा काही वेळ बंद पिशवीतच ठेवावा, पुसण्याची घाई करू नये. हिवाळ्यात धुके असल्यास ऑटोफोकस पुढे-मागे हेलकावत राहील. नावेच्या काळ्या कडेसारखी एखादी ठळक रेषा निवडली, म्हणजे तो स्थिरावतो.

आरतीचा हिशेब

खरी परीक्षा संध्याकाळी होते. दिव्यांनी उजळलेल्या घाटावर डोळ्यांना भरपूर प्रकाश आहे असे वाटते. वस्तुतः तो दिवसाच्या उन्हापेक्षा सुमारे हजारपट कमी असतो. बुबुळ आणि दृष्टिपटल हा फरक आपल्या नकळत सावरून घेतात. उदाहरणादाखल अशा प्रकाशात आयएसओ १०० ठेवून एफ २ च्या भिंगाने चित्र घ्यावयाचे तर शटर सेकंदाचा आठवा भाग उघडे ठेवावे लागेल. तेवढ्या वेळात पुजाऱ्याच्या हातातील दीप कित्येक इंच सरकतो. हालचाल बऱ्यापैकी थांबविण्यास सेकंदाचा १२५ वा भाग तरी हवा. त्यासाठी आयएसओ १६०० वर न्यावे लागेल. हेच चित्र एफ ५.६ च्या झूम भिंगाने घेतले तर आयएसओ १२,८०० लागेल. पहिले चित्र किंचित रवाळ पण छापण्याजोगे होते. दुसऱ्यात चेहऱ्याचा बारकावा रव्यांत बुडतो.

काही भिंगांत हाताचा कंप सावरण्याची योजना असते व विक्रेते तिचा फार डांगोरा पिटतात. ती हात सावरते, पण समोरचा दीप थांबवीत नाही. दरभंगा घाटाच्या वाड्याचे रात्रीचे चित्र घेण्यास ती उपयोगी पडते, आरतीस नाही. ५० मिलिमीटरच्या भिंगाने एपीएस-सी सेन्सरवर हाताने चित्र घेताना शटर सेकंदाच्या ८० व्या भागाहून मंद नसावे, हा जुना ठोकताळा अजूनही लक्षात ठेवण्याजोगा आहे. कोपरे अंगाशी टेकवून, श्वास सोडून झाल्यावर कळ दाबल्यास तो पाळणे सोपे जाते.

ज्योत आणि चेहरा ह्यांत चेहऱ्यावर स्पष्टता साधावी व ज्योत थोडी पांढरी होऊ द्यावी. रंग फार पिवळट वाटला तरी कॅमेऱ्याने तो पुसून टाकू नये, कारण तुपाच्या ज्योतीचा प्रकाश पिवळटच असतो आणि डोळ्यांनी तो तसाच पाहिलेला असतो.

रात्री खोलीवर आल्यावर दिवसभराची चित्रे मोठ्या पडद्यावर पाहावीत आणि तीन आकडे कागदावर लिहून ठेवावेत : सकाळी नदीकडे तोंड असताना अधिक-उणेची कळ कोठे होती, संध्याकाळी कोणत्या आयएसओपर्यंत चेहरा ओळखू येतो, आणि आपला स्वतःचा हात सेकंदाच्या कितव्या भागापर्यंत स्थिर राहतो. तिसरा आकडा कोणत्याही माहितीपत्रकात छापलेला नसतो. दोन्ही बॅटऱ्या भारावयास लावाव्यात, कार्ड रिकामे करून त्यावरील चित्रांची एक प्रत दुसरीकडे ठेवावी, आणि एफ १.८ चे भिंग कॅमेऱ्यावरच चढवून ठेवावे. दुसऱ्या दिवशी पहाटे आजी पहिल्या पायरीवर पाय ठेवील तेव्हा सूर्य उगवलेला नसेल.